विहिरीचं पाणी आणि पाच-आठचा काटा

सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की माझ्या कामांचा क्रम ठरलेला असे. चपला बाहेर. केसातलं फूल असेल तर तेही बाहेर. हात कोपरापर्यंत धुवायचे, एप्रन चढवायचा, पीएच मीटर सुरू करून ठेवायचा, कारण त्याला तापायला वेळ लागतो. तो तापेपर्यंत फ्रीजमधले क्षारांचे साठे काढायचे, साखर तोलायची, मोठ्या बीकरमध्ये डिस्टिल्ड पाणी घ्यायचं. आजही स्वयंपाकघरात मी अशीच वागते. माझी मुलं हसतात, पण मीठ दोनदा पडलंय असं आमच्या घरी कधी होत नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जळगावात केळीचं टिश्यू कल्चर नुकतं सुरू झालं होतं. आमची प्रयोगशाळा लहान होती. डाळ मिलच्या मागच्या बाजूला चार खोल्या. मी धुळ्याची, वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली, सावद्याला केळीवाल्यांच्या घरात दिलेली. रोज एसटीने जळगावला जायचे. प्रयोगशाळेत माझ्याकडे मीडिया बनवण्याचं काम होतं. मीडिया म्हणजे रोपाचं बाटलीतलं जेवण. पाणी, क्षार, साखर, थोडी संप्रेरकं, आणि ते सगळं जेलीसारखं घट्ट व्हावं म्हणून अगार. आपण घरी चायना ग्रास वापरतो ना, तेच.

या जेवणाचा आंबटपणा मीटरवर नेमका पाच पूर्णांक आठला आणावा लागतो; आकडा जितका कमी तितकं आंबट. त्याहून फार आंबट राहिलं तर जेली धरत नाही, रोप त्यात आडवं पडतं. उलट बाजूला गेलं तर जेली कडक होते आणि रोपाला नीट खाता येत नाही. म्हणून अगार टाकायच्या आधी मीटरची काचेची कांडी बीकरमध्ये सोडायची आणि ड्रॉपरने सोड्याचं पाणी एकेक थेंब सोडत काटा वर चढवायचा. हा सोडा म्हणजे खायचा नव्हे, हात भाजणारा कॉस्टिक. आमच्या सरांचा एक नियम होता: काटा पाच-आठच्या पुढे गेला तर आम्ल घालून मागे ओढायचं नाही. ओतून द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून करायचं. मागेपुढे ओढाओढीत नको ते मीठ वाढतं, असं त्यांचं म्हणणं. महागडा नियम होता, पण त्यामुळे हात हलका झाला.

आता घरातली गोष्ट सांगते, कारण दोन्ही एकमेकांत गुंतलेल्या आहेत.

माझ्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, मीही. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरच्या परसातून केळीचा एक मुनवा, म्हणजे कंदाला फुटलेलं पिल्लू, पदराखाली घेऊन आल्या होत्या. तो त्यांनी मोरीच्या मागे लावला. बाजारात चालणारी ही केळी नव्हे. लहान फळ, पातळ साल, आणि कोवळ्या पानाच्या देठाशी लाल रेघ. विकायला नाही, घरी खायला आणि शेजारी वाटायला. पुढे तापीवर धरण झालं आणि अक्कांचं माहेरचं गाव पाण्याखाली गेलं. लोकांना नवीन गावठाण मिळालं, पण परसातली केळी कोण उचलून नेतो? म्हणजे ती जात आता जगात एकाच ठिकाणी उरली होती, आमच्या मोरीच्या मागे. निदान अक्कांना तसं वाटे, आणि दुसरीकडे ती असल्याचं आम्हाला कोणीच सांगू शकलं नाही.

त्या बेटाला कंद पोखरणारा सोंडकिडा लागला. एकेक झाड कलंडलं. सासऱ्यांनी, आबांनी, मुनवे काढून दुसरीकडे लावून पाहिले, तेही आतून पोखरलेले निघाले. शेवटी एक उरला.

आबा तो मुनवा पोत्यात गुंडाळून माझ्या मागोमाग एसटीत बसले. मला वाटलं भुसावळला काही काम असेल. जळगावला उतरल्यावर म्हणाले, "चाल, तुह्या कारखान्यात."

"आबा, तिथे असं कोणाचंही घेत नाहीत."

"कोनाचंही कुठं हाये? अक्काचं हाये."

सरांसमोर त्यांनी पोतं सोडलं आणि खाली मातीही पडू दिली नाही, धोतराचा सोगा पुढे धरला. सर मूळचे साक्रीकडचे, मितभाषी. कंद हातात फिरवून पाहिला. म्हणाले, "कंपनीचं काम आधी. तुमचा वेळ उरला तर करा, ताई. पण एवढ्याशा कोंबातून निघेलच असं नाही, हे आबांना नीट सांगा."

मी सांगितलं. आबा म्हणाले, "निंघंन."

वरची सालं उतरवत गेलं की केळीच्या कंदात शेवटी बोटाच्या पेराएवढा पांढरा कोंब राहतो. किडा तिथवर पोचला नव्हता. सरांनी तो स्वतः निर्जंतुक करून कापला. त्याचे दोन भाग, दोन बाटल्या. आठवड्याभरात एक भाग काळा पडून मेला. केळीला जखम झाली की काळा रस सुटतो आणि ती त्या रसानेच मरते. दुसरा भाग मात्र तग धरून होता. तळाशी काळपट, वर हिरव्याची किंचित झाक.

आता ती एकच बाटली.

आबा दर आठवड्याला यायला लागले. हातात पितळेचा डबा, त्यात आमच्या विहिरीचं पाणी. "त्या केयीले आपल्या विहिरीचं पानी लागते. तुमचं मशीनचं पानी तिले चालनार नाही."

मला आधी हसू आलं. मग वाटलं, नुसतं नाही म्हणण्यापेक्षा दाखवावं. मीडियाच्या खोलीत त्यांना स्टुलावर बसवलं आणि त्यांचं पाणी बीकरमध्ये ओतून कांडी सोडली. काटा आठच्याही पुढे गेला.

"हे बघा. आठ. आणि आपल्याला हवेत पाच-आठ."

"मंग आन ना खाली. तेच काम करते ना तू?"

म्हटलं, चला. त्या पाण्यात मीडियाचे क्षार घातले आणि काटा खाली येईना म्हणून आम्लाचा ड्रॉपर घेतला. एरवी सोड्याचेही मला मोजकेच थेंब लागतात. या पाण्याने ते पिऊन टाकले. मी थेंब सोडते, काटा जरासा हलतो आणि परत वर सरकतो. बऱ्याच वेळाने पाच-आठवर आला. मी ड्रॉपर धुऊन वळते तोवर काटा पुन्हा सहाच्या वर. आमचं खानदेशातलं विहिरीचं पाणी चुनखडीतून येतं. त्यातला चुना आम्ल खातो, बुडबुडे सोडतो, आणि पाणी परत आपल्या जागी जाऊन बसतं.

आबा काट्याकडे टक लावून बसले होते. "हट्टी हाये," ते म्हणाले. आवाजात चक्क अभिमान होता.

"मग आता आपलं बघा." मी डिस्टिल्ड पाण्यातला मीडिया घेतला. सोड्याचा एक थेंब सोडला, काटा सरसर वर चढला. दुसरा थेंब, आणखी वर.

आबा तोंड वाकडं करून म्हणाले, "ह्याले सवताचं काहीच नाही. कोनी सांगितलं तसं."

"म्हणूनच तर घेतो आबा. रोपाला नेमकं काय दिलं ते आपल्याला कळतं."

विहिरीच्या पाण्याचा मीडिया मी निर्जंतुक करायच्या कुकरमधूनही काढून दाखवला. तापल्यावर त्यात ढग जमले, तळाशी पांढरा गाळ बसला. आबांनी बाटली उजेडात धरली, गोल फिरवली. पटलं असावं. पण डबा आणणं काही थांबलं नाही. पुढे तर त्यांना मीटरचं वेडच लागलं. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी आणलं, ताक आणलं, चिंचेचा कोळ आणला. शेजाऱ्याच्या पाण्याचा आकडा आपल्यापेक्षा कमी निघाला त्या दिवशी फार खूश होते. मला कांडी पुन्हा पुन्हा धुवावी लागे. बाटल्या धुणाऱ्या बायका म्हणत, "ताई, तुमचे सासरे आले, आता वरणसुद्धा मोजतील."

घरी अक्का काही विचारत नसत. फक्त एकदा, भाकरी थापताना, तव्याकडे बघतच म्हणाल्या, "देठाले लाल रेघ दिसते का व?"

"अजून नाही अक्का. बाटलीत सगळंच हिरवं दिसतं. तिथे ऊन नसतं, ट्यूबचा उजेड असतो."

"हं," म्हणून त्यांनी भाकरी उलटली. माझ्या लक्षात आलं, त्यांना रोप नको होतं. त्यांना तेच रोप हवं होतं.

मग ती दुपार आली.

रोपाने पहिलं पान उलगडलं होतं. आबांना दाखवावं म्हणून मी बाटली वाढीच्या खोलीतून आणून मीडियाच्या टेबलावर ठेवली. ते डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते. तेवढ्यात पलीकडून ऑटोक्लेव्हची शिट्टी वाजली. ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा हौदाएवढा प्रेशर कुकर. तो वेळेवर बंद केला नाही तर साखर करपते. मी गेले, बटण फिरवलं, परत आले.

आबा बाटलीचं झाकण लावत होते. चेहरा इतका समाधानी की मला क्षणभर काही कळलंच नाही.

"जरा पानी पाजलं तिले," ते म्हणाले. "जास्ती नाही. झाकनभर. आतमंधी नुस्ता घाम आलेला, दम कोंडत होता लेकराचा."

बाटलीच्या आत जमलेली वाफ त्यांनी घाम समजली होती. पितळी डबा शेजारी उघडा होता. जेलीवर विहिरीचं पाणी चमकत होतं.

ज्याने हे काम केलेलं नाही त्याला सांगते. बाटलीत साखर असते. उघड्या पाण्याच्या एका थेंबात डोळ्यांना न दिसणारे जे असंख्य जीव असतात त्यांच्यासाठी ती मेजवानी. दोन दिवसांत जेलीवर दुधाळ साय येते, आणि रोप गेलं. हे मी त्यांना कधी समजावून सांगितलं नव्हतं. आकडे दाखवत बसले होते, पण झाकण का उघडायचं नाही हे सांगायचं राहिलं होतं. त्यांनी केलं ते कोणताही शेतकरी करेल. घामाघूम दिसलं तर पाणी द्यायचं, दम कोंडला तर हवा द्यायची.

माझ्या तोंडावरून त्यांना कळलं.

"काय झालं? मेली का?"

"अजून नाही," मी म्हटलं. "तुम्ही इथेच बसा. कशाला हात लावू नका."

मी सरांकडे धावले. सरांनी एकच प्रश्न विचारला, "किती वेळ झाला?"

"आत्ताच."

"मग तळाचा भाग कापून टाकू, वरचा कोंब धुऊन क्लोरीनच्या पाण्यात बुडवू. पण नवीन मीडिया लागेल. त्यात क जीवनसत्त्वही घाला, नाहीतर जखमेने काळी पडेल. तयार आहे?"

तयार नव्हता. नेहमीचा होता, या केळीचा वेगळा. हिचा लगेच बनवायचा, घरगुती कुकरमध्ये शिजवायचा, गार करायचा, आणि तोवर सर कोंब धुऊन ठेवणार.

मी बीकर घेतला. क्रमाने घेतलं सगळं: पाणी, क्षार, साखर, संप्रेरक, क जीवनसत्त्व. मीटरची कांडी धुतली, टिपली, सोडली. काटा साडेतीनच्या आसपास थरथरला. घाई असली की हात जड होतो. मी थेंब सोडायला लागले. चार. साडेचार. पाच. मागे आबा श्वास रोखून बसलेत हे मला पाठीला कळत होतं. पाच-पाच. अजून एक थेंब, आणि तो थेंब मोठा पडला. काटा सहाच्या पुढे जाऊन थांबला.

मी बीकर उचलून बेसिनकडे निघाले.

"अवं, काहून फेकते?" आबा उठून उभे राहिले. "आंबट घाल ना दोन थेंब, आनता येते मागं. माह्या पान्याचं आनलं होतं ना तू?"

"ते दाखवायला होतं आबा. हे तिला खायला द्यायचंय."

ते परत बसले. मी पुन्हा पाणी मोजलं, पुन्हा साखर तोलली. दुसऱ्यांदा मी त्यांच्याकडे पाठ न करता उभी राहिले, म्हणजे त्यांनाही काटा दिसेल. थेंब सोडून काचेच्या सळईने ढवळायचं, काटा बसू द्यायचा, मग पुढचा. पाच-सहाला मी थांबले. ड्रॉपर नुसता बुडवून काढला आणि त्याचं टोक पाण्याला लावलं, थेंब न सोडता. काटा जरा हलला. परत टोक लावलं.

"बस," आबा म्हणाले, त्याच वेळी मीही. पाच-आठ.

अगार घातला, कुकर चढवला. शिट्टी झाली, बाटली गार झाली, जेली धरली. आबांनी पितळी डबा उचलून स्टुलाखाली लांब सरकवला होता. सरांनी कोंब नव्या बाटलीत लावला तेव्हा तो जेमतेम मटाराएवढा उरला होता. पहिलं पान गेलं होतं.

परतीच्या एसटीत आबा खिडकीकडे तोंड करून बसले. फैजपूर मागे गेल्यावर म्हणाले, "अक्काले सांगू नको."

"नाही सांगत."

घरी पोचलो. ताटं वाढली. मी खरंच काही बोलले नाही. पहिला घास तोंडात घालायच्या आधी आबांनीच सांगून टाकलं. अगदी सगळं, झाकण, घाम, बीकर ओतला तेही. मग ताटाकडे बघत म्हणाले, "एकदा धरनानं बुडवलं तुह्या माहेरचं. आज म्या बुडवलं असतं, झाकनभर पान्यात."

अक्का वाढायच्या थांबल्या. मला वाटलं, आता रडतील किंवा ओरडतील. त्यांनी कोपऱ्यातला तांब्या उचलून आबांच्या ताटाशी ठेवला.

"सकायपासून सवताले पानी नाही," त्या म्हणाल्या, "अन् बाटलीतल्या केयीची तहान दिसली तुम्हाले. प्या आधी."

आबा तांब्याभर पाणी एका दमात प्यायले.

पुढचे दिवस मी रोज सकाळी चपला काढल्या काढल्या आधी ती बाटली पाहायचे, माझ्या क्रमात नसूनही. जेली स्वच्छ राहिली. साय आली नाही. त्या मटाराएवढ्या कोंबाला हळूहळू भिजल्या हरभऱ्यासारखा मोड फुटला, मग त्याच्या कुशीत आणखी बारीक कोंब. सर ते वेगळे करत गेले, मी मीडिया बनवत गेले, आणि एका बाटलीच्या रांगभर बाटल्या झाल्या. आबा या काळात आलेच नाहीत. मी बोलावलं तर म्हणत, "काम हाये मले." काम काही नव्हतं. संध्याकाळी मात्र ओसरीवर बसून विचारत, "किती होता आज?" मी म्हणायचे, "पाच-आठ." मग उठून हातपाय धुवायला जात.

रोपांना मुळं आली. बाटलीतून काढून, जेली धुऊन, मातीच्या पिशव्यांत लावून ती जाळीच्या सावलीत ठेवायची वेळ आली. इथे डिस्टिल्ड पाणी संपतं. इथून पुढे माती आणि साधं पाणी. मी काही पिशव्या घरी आणल्या, मोरीच्या मागे गोणपाटाचा आडोसा केला आणि आबांना म्हटलं, "आता तुमचा डबा लागेल."

"नको," ते म्हणाले. "तूच टाक."

महिनाभर मीच पाणी टाकलं. ऊन हळूहळू वाढवलं, आधी सकाळचं कोवळं, मग जास्त. अक्का जाता-येता बघत, जवळ येत नसत. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. पानं सगळी हिरवीगार, देठही हिरवे. बाटलीतून काढलेल्या रोपांत कधीकधी फरक पडतो, एखादं भलतंच निघतं, हे मला माहीत होतं आणि त्यांना मी सांगितलेलं नव्हतं.

एका सकाळी मी एसटीसाठी डबा भरत होते. मोरीच्या मागून अक्कांची हाक आली, माझ्या नावाची नव्हे.

"अहो! इकडं या."

आबा दात घासता घासता गेले, मी हातातलं झाकण घेऊन मागोमाग. अक्का गोणपाटाखाली उकिडव्या बसल्या होत्या. एका रोपाचं कोवळं पान त्यांनी अंगठ्याने मागे वाकवून धरलं होतं. देठाच्या कडेला लाल रेघ होती. बारीक, सुईने ओढल्यासारखी. शेजारच्या रोपालाही. त्याच्या शेजारच्यालाही.

आबा वाकून बघत राहिले. काही बोलायचं होतं, पण तोंडात मिश्री होती.

अक्कांनी डोळे पदराने टिपले आणि उठल्या. मोरीवरचा पितळी डबा विहिरीच्या पाण्याने भरला आणि आबांच्या हातात दिला.

"पाजा," त्या म्हणाल्या. "आता कोनी नाही म्हनत नाही."